दादाचं मशीन हळू चालतं

१

लोकांच्या संगणकात काय काय असतं ते मला विचारू नका. फोटो आणि पत्रं म्हणत नाही मी, ती मी बघत नाही. कॅबिनेटचं झाकण काढलं की जे दिसतं ते म्हणते. केस, नखं, पावाचा चुरा, मेलेली झुरळं, आणि त्यांची पिल्लं, जी मेलेली नसतात. एका वकिलाच्या कीबोर्डखाली मला दात सापडला होता. त्याचाच होता. त्याने तो पुसून खिशात ठेवला आणि "कधीपासून शोधत होतो," म्हणाला. मी दुकानात हातमोजे घालते, नाकातोंडाला फडकं बांधते, तरी घरी गेल्यावर कोपरापर्यंत हात धुते. शी म्हणायची इतकी सवय की दादाने माझं नावच शीबाई पाडलं. बारसं झालं तेव्हापासूनचं खरं नाव फक्त बँकेला ठाऊक आहे.

मशीन हळू चालतं म्हणून येणाऱ्यांना मी एकच गोष्ट समजावते. मशीन म्हातारं होत नाही. तुम्हाला पडद्यावर दिसतं ते एक काम, आणि मागे गुपचूप चाललेली ढीगभर. त्यांना बॅकग्राउंड प्रोसेस म्हणतात. आतल्या खोलीत पाहुणे येऊन बसलेत आणि तुम्हाला पत्ता नाही, मग बाहेर तुमच्या ताटात काय पडणार? तेव्हा टास्क मॅनेजर उघडायचा आणि कोण किती खातंय ते बघायचं. पण जो सगळ्यात जास्त खातो तोच चोर, असं समजायचं नाही. पुष्कळदा तो रखवालदार असतो. अँटिव्हायरस. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची झडती घेतो, स्वतः दमतो आणि मशीनलाही दमवतो. लोक वैतागून नेमका त्यालाच बंद करतात आणि आठवड्याभरात रडत माझ्याकडे येतात. मग मी त्यांना असं फैलावर घेते की पुन्हा त्यांची छाती होत नाही.

म्हणजे हे सगळं मला येत होतं. आधीच सांगून ठेवते.

२

वहिनीचा फोन आला तेव्हा मी एका शाळेच्या मशीनमधून च्युइंगगम खरवडत होते.

"एकदा येऊन जा गं," ती म्हणाली. "तुझ्या दादाचं मशीन फार हळू चालतंय. ऑफिसवाले म्हणतात, या महिन्यात काम वेळेवर आलं नाही तर दुसऱ्याला देऊ."

दादा घरीच काम करतो. डॉक्टर लोक पेशंटबद्दल बोलून ठेवतात, ते ऐकून हा टाइप करतो. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बोलणं संपायच्या आत याचं टाइप झालेलं असायचं. बोलायचाही तसाच, भरधाव. जेवायचा तर असा की आई म्हणायची, अरे चव तरी कळू दे.

"आणि दादा कसा आहे?" मी विचारलं.

"तोही तसाच," ती म्हणाली. "म्हणून तर तुला बोलावतेय. सहा महिने झाले. डॉक्टरांनी सगळं तपासलं. डोकं, मान, रक्त. काही निघालं नाही. थकवा म्हणतात. मला वाटतं ते मशीनच त्याला खातंय. ते नीट कर, म्हणजे तो होईल नीट."

बायका असं बोलतात आणि आपण हो म्हणतो. दुपारचं जेवण उरकून मी गेले.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. आत गेलं की लांबट बोळ, डाव्या हाताला स्वयंपाकघर, आणि बोळाच्या टोकाला दादाची कामाची खोली. बोळातच वास आला. कुबट म्हणावा तर कुबट नाही, सांडपाण्याचाही नाही. कोणी अगदी जवळ येऊन, सकाळी दात न घासता बोलावं तसा. वहिनीच्या घरात फरशीवर भात सांडला तर उचलून खावा इतकी स्वच्छता. मी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवली.

दादा खुर्चीत पडद्याकडे तोंड करून बसला होता. त्याने मान वळवायला सुरुवात केली. सुरुवात केली असंच म्हणायला हवं, कारण मी पिशवी ठेवली, चपला काढल्या, हातमोजे शोधले, नाकाला फडकं बांधलं, तेव्हा कुठे त्याचे डोळे माझ्यापर्यंत पोचले. मग ओठ हलले.

"शी," तो म्हणाला. आणि बऱ्याच वेळाने, "बाई."

मला हसू यायला हवं होतं. पण त्याचा डावा गाल फुगला होता आणि ओठाच्या कोपऱ्यातून काहीतरी पिवळसर ओघळून हनुवटीवर सुकलं होतं.

"सकाळचं अंडं आहे," वहिनी हळूच म्हणाली. "उकडलेलं. चावतो, चावतो आणि मध्येच थांबतो. कधी कधी रात्रीपर्यंत तसंच असतं गालात. मी बोट घालून काढते."

सख्खा भाऊ आहे. मला वाईट वाटलं, नक्की वाटलं. पण त्याआधी पोटातून उमासा वर आला, तो मी फडक्याआड गिळला.

३

आधी मशीन उघडलं. यंत्रात पहिली शंका धुळीवर घ्यायची. धुळीने पंखा गुदमरतो, मशीन तापतं, तापलं की स्वतःच संथ होतं. निम्मी दुखणी तिथेच मिटतात.

झाकण काढलं आणि हात तसाच राहिला. आत धूळ होती, पण ओली. करडा, जाडसर, मऊ थर सगळ्या आतल्या अंगाला धरलेला. बोट लावलं तर कोमट. वायरींच्या खालून मी ब्रश घातला, तर तो थर एका तुकड्यात सोलून आला. जिभेवर पांढरं साचतं ना, ते कोणी खरवडून काढलं तर असंच निघेल. बोळात होता तो वास इथून येत होता.

पाण्यात आणि विजेत किती सख्य असतं ते पोरासोरांनाही ठाऊक आहे. इतकी ओल असती तर हे मशीन कधीच जळून जायला हवं होतं. मी स्वतःला समजावलं. स्वयंपाकघर शेजारी आहे, वाफ येत असेल. खिडकी बंद असते. दमट घर, दमट धूळ. असतं असं. तीस घरांत पाहिलेलं नाही म्हणून एकतिसाव्यात नसेल असं थोडंच आहे. तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले, गाठ मारली, वर दुसरी गाठ मारली.

"मी," दादा मागून म्हणाला.

मी वळले. तो पुढचा शब्द काढत होता. जबडा हलत होता, घशाची घाटी वर जाऊन तिथेच थांबली होती.

"'मी थकलोय' म्हणतोय," वहिनी म्हणाली. "दिवसभर असंच चालतं, वाक्य पुरं होतच नाही. कळतं मला. चल रे, स्वयंपाकघरात बसू. तिला काम करू दे."

तिने त्याला उठवलं. तो उठत असताना माझं झाकण लावून झालं.

४

मशीन सुरू केलं. पडदा उजळायला इतका वेळ लागला की मी तेवढ्यात कीबोर्ड पुसून काढला, आणि कीबोर्डही चिकट होता. टास्क मॅनेजर उघडला.

अगदी वर एक प्रोसेस होती, जवळजवळ सगळा प्रोसेसर एकटी खाणारी. तिला नाव नव्हतं. नावाच्या जागी नुसती कोरी जागा. मी तिची चौकशी केली. नेटवर काही पाठवते का? नाही. डिस्कवर काही लिहिते का? नाही. चोर असता तर काहीतरी घेऊन कुठेतरी पाठवलं असतं. ही कुठेच जात नव्हती, काहीच करत नव्हती. नुसती राबत होती. दाराला पाठ लावून कोणी जीव खाऊन रेटावं आणि दार मात्र हलू नये, तशी.

अगदी तळाला तसलीच दुसरी. तिलाही नाव नाही. ती काहीच खात नव्हती, शून्य. मी तिच्यावर गेले आणि बंद करून पाहिली. झाली नाही. पुन्हा केली. नाही. मात्र मी तिला हात लावला की वरची एकदम उसळायची, पंखा किंचाळायला लागायचा. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला.

"थांबला परत," ती म्हणाली. "चांगला चावत होता गं."

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. माझ्याकडे लोक मंतरलेले पेनड्राइव्ह घेऊन येतात, मी त्यांना फॉरमॅट करून देते. तेव्हा मी जे करायचं तेच केलं, चाचणी घेतली. वरच्या प्रोसेसचा वाटा कमी केला. तिला मारलं नाही, नुसती मागे सारली. पंखा खाली आला.

स्वयंपाकघरात शांतता होती. त्या शांततेत मला एक आवाज ऐकू आला. ओला, जाड, सावकाश. घशातून काहीतरी मोठं खाली उतरल्याचा.

"गिळलं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "अगं, गिळलं त्याने."

मी वाटा पूर्ववत केला. पंखा वर गेला. तिकडे चावण्याचा आवाज थांबला. पुन्हा कमी केला. पुन्हा तो गचका, आणि पाठोपाठ ढेकर. तो शेवटचा गचका मी हात लावण्याआधीच आला असेल, असं मी मनाशी म्हटलं. योगायोग असतो. माणूस कधीतरी गिळणारच की.

पण माझ्या काखेत घाम फुटला होता.

५

तो परत आला. वहिनीने धरलं नव्हतं, एकटाच आला. बोळातून त्याची पावलं येताना ऐकू येत होती. एक पाऊल, मग इतका वेळ काही नाही की वाटावं गेला परत, मग घासत दुसरं.

दारात उभा राहून तो म्हणाला, "धरून."

"हो, धरून चाल," मी म्हणाले. "भिंतीला धर. ये, बस इथे."

तो माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला. मी पडद्याकडे बघत राहिले, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याचा श्वास माझ्या कानाशी येत होता. त्याला अंड्याचा आणि त्या ओल्या धुळीचा वास होता. वरची प्रोसेस आता काठोकाठ भरली होती. पंखा असा ओरडत होता की टेबल थरथरत होतं.

"ठेवलंय," दादा म्हणाला.

"कळलं दादा. थांब जरा."

मला त्याच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नव्हतं. माणूस हळू बोलायला लागला की आपण त्याचं वाक्य त्याच्याऐवजी पुरं करतो आणि त्याला गप्प करतो. वहिनी करत होती, मीही केलं. मी विचार करत होते की ही प्रोसेस धड चोर नाही, धड कामाची नाही, मग हिला नुसतं मागे सारून ठेवावं आणि मशीन दुकानात नेऊन शांतपणे बघावं. हाच शहाणपणा होता. दुसरं कोणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं.

तेवढ्यात त्याचा हात उठला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसत होता. मांडीवरून निघाला, टेबलाच्या कडेला लागला, वर आला, आणि माझ्या माउसवरच्या हाताकडे सरकू लागला. पडद्यावर मला काही दाखवायचं असेल असं वाटलं. मग तो हात माझ्या हातावर पडला.

मोज्यातूनही कळलं. ओला होता, कोमट आणि मऊ. बोटांच्या मधल्या जागेत काहीतरी करडं साचलं होतं आणि ते माझ्या मनगटाला, मोजा संपतो तिथे, उघड्या कातडीला लागलं. त्याने माझा हात दाबला. तोंड उघडलं, चौथ्या शब्दासाठी, आणि गालातला पिवळा लगदा लाळेच्या तारेसकट माझ्या बाहीवर उतरला.

मी हात झटकला, आणि झटकता झटकता त्या प्रोसेसवर 'एंड टास्क' दाबलं.

मला सहन झालं नाही. कारण एवढंच आहे. दुसरं काही सांगितलं तर ते खोटं होईल.

६

पंखा थांबला. खोलीत एकदम इतकं शांत झालं की रस्त्यावरची सायकलची घंटा ऐकू आली. पडद्यावर सगळं झरझर उघडत गेलं. दादाच्या अडकून पडलेल्या फाइली, सकाळपासून दाबलेली अक्षरं, सगळं एका दमात धावून आलं.

मी सवयीने यादीच्या तळाशी पाहिलं. ती शून्यवाली तिथे नव्हती. मी तिला बंद केलं नव्हतं, ती बंद होतही नव्हती. यंत्रात आता ती कुठेच नव्हती.

शेजारी दादाने तोंड पुसलं. झटकन, बाहीने.

"वा," तो म्हणाला. "झालं की. किती सोपं होतं." मग त्याने मला नावाने हाक मारली. बँकेला ठाऊक असलेल्या नावाने, आडनावासकट.

"दादा," मी म्हणाले, "तू काहीतरी सांगत होतास."

"मी? छे. काय सांगणार?"

मी. धरून. ठेवलंय. तेव्हा कुठे ते तीन शब्द माझ्या डोक्यात एका ओळीत उभे राहिले. तो थकलोय म्हणत नव्हता. दुपारभर तो एकच वाक्य बोलत होता, आणि आम्ही दोघींनी ते त्याला बोलू दिलं नव्हतं. ज्याला तो सहा महिने जीव खाऊन रेटत होता, जेवायला आणि मान वळवायलाही ज्याने ताकद उरू दिली नाही, त्याचं नाव दादाच्या चौथ्या शब्दात असणार होतं.

"तू काय धरून ठेवलं होतंस?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघून हसला. हसणं दादाचंच होतं, वेगही दादाचाच, पण हसताना त्याचं तोंड पुरतं उघडलं. दात होते, आणि दातांच्या मागे जीभ असायला हवी तिथे, टाळूपासून गालांपर्यंत, करडा, ओला, जाडसर थर होता, आणि तो श्वासाबरोबर आत-बाहेर होत होता. मी बघतेय हे त्याला कळलं. त्याने ओठ मिटले, अगदी सभ्यपणे, एखाद्याला आपले वेडेवाकडे दात आठवावेत तसे.

मग तो उठला आणि शीळ घालत स्वयंपाकघरात गेला.

मी धुळीच्या पिशवीच्या दोन्ही गाठी सोडून पाहिलं. आत साधी, कोरडी, भुरभुरीत धूळ होती. कोणत्याही घरात असते तशी.

७

मी मशीन पुन्हा सुरू केलं. परत बंद, परत सुरू. ती वरची प्रोसेस कुठे सापडते का ते शोधलं. मिटवलेल्या गोष्टी परत आणायची जेवढी अवजारं माझ्याकडे होती तेवढी सगळी चालवून पाहिली. फाइल नव्हती, खूण नव्हती. ती कधी यंत्रात बसवलेलीच नव्हती. दादाचं मशीन नव्यासारखं चालत होतं आणि मी त्याच्यासमोर बसून रडत होते. रडतानाही मनगट पँटला घासत होते.

स्वयंपाकघरातून ताटल्यांचे आवाज येत होते. तो खात होता. भरभर, न थांबता, आणि मध्येमध्ये काहीतरी सांगून वहिनीला हसवत होता. सहा महिन्यांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. चव तरी कळू दे रे, असं ती म्हणाली, अगदी आईसारखं.

मी पिशवी उचलून बाहेर आले. आत डोकावले नाही, दाराशी उभं राहून वहिनीला हाक मारली. ती हात पुसत बोळात आली. चेहरा फुलला होता, केसही सुटले होते. मी तिला जिन्याजवळ घेऊन गेले.

"वहिनी, तू चार दिवस माझ्याकडे चल."

"आता?" ती हसली. "अगं, वेडी का काय तू? आत्ता कुठे माणूस घरी आलाय माझा."

"आत्ताच चल. जशी आहेस तशी चल."

"काय झालंय तुला? पांढरीफटक पडलीयस." तिने माझ्या कपाळाला हात लावला. "दमलीस. दुपारभर त्या घाणीत हात घालून बसलीस आणि तुला तर सगळ्याचीच शिसारी. जा, घरी जा, अंघोळ कर."

काय सांगणार होते मी तिला? की मी एक बटण दाबलं? की त्याच्या तोंडात बघ? ती बघणारच होती. तिनेच तर सहा महिने त्याच्या तोंडात बोटं घातली होती.

आतून त्याने तिला हाक मारली. लाडाच्या, तिच्या माहेरच्या नावाने, मला आजवर माहीत नसलेल्या. ती लाजली. जायला वळली, आणि काहीतरी आठवून पुन्हा माझ्याजवळ आली.

"एक खरं सांग," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला त्यातलं कळतं. पुन्हा तसा नाही ना होणार तो? मला नाही गं सोसायचं परत."

मी तिचा हात घट्ट धरला. तो कोरडा होता, साबणाचा वास येणारा.

"नाही," मी म्हणाले. "आता तो तसा कधीच होणार नाही."

तिने सुटकेचा श्वास सोडला, माझा गाल दाबला आणि आत गेली. दार तिनेच लावून घेतलं.